चिखलाला अभिषेक

एकदा एका व्यापाऱ्याला गावाच्या उशाची पाणथळ हवीशी झाली. तिथे भराव घालून त्याला वखार बांधायची होती. मोबदल्यात ओढ्यापलीकडची स्वतःची पाणथळ तो देणार होता. "रंगाऱ्यांचे सांडपाणी आज इथून जाते, ते तिकडे वळवा, म्हणजे झाले," तो म्हणाला. गावाची विहीर दोन्हींच्या उतारालाच होती. चावडीवर पंच केवळ वृद्ध आचार्यांच्या होकारासाठी थांबले होते.

शिष्य दोरीने मोजणी करून आला. "सारख्याच आहेत, गुरुजी. शेठजींची जराशी मोठीच भरेल."

आचार्यांनी सगळी शास्त्रे पालथी घातली होती. तरी त्यांना स्वतःच्या होकाराचीच भीती वाटे. त्यांनी दोन्ही पाणथळींतून एकेक ढेकूळ अलगद कापून आणवले. पिंडीवर टांगतात तशा, बुडाला भोक असलेल्या दोन घागरींत ते ठेवले आणि वरून रंगाऱ्यांच्या नाल्याचे तांबडे पाणी ओतले.

व्यापारी हसला. "गुरुजी, आता चिखलाला अभिषेक? चिखलातही सोने-पितळ असते की काय?"

"असावे असे वाटते, शेठजी. खात्री नाही, म्हणून तर पाहतो आहे."

व्यापाऱ्याचे ढेकूळ गुरांनी तुडवलेल्या, लव्हाळे कापलेल्या जागेचे होते. त्यातून पाणी आले ते तांबडेच. दुसऱ्या घागरीत गावाचे, मुळांनी विणलेले ढेकूळ होते; तिच्यातून काहीच येईना. आचार्यांची बोटे उपरण्याच्या टोकाशी चाळा करू लागली. आपण चुकलो तर नाही? उद्या ते पाणी लेकरांच्या तोंडी जायचे.

आणि मग बुडाशी एक थेंब लोंबला. नितळ. त्यात सबंध आकाश मावले होते.

आचार्यांचे हात आपोआप जोडले गेले.

शिष्याकडे वळून ते म्हणाले, "बाळा, तुझी दोरी खोटी नाही. आजारी माणूसही मापाला तेवढाच भरतो. पण त्याच्या हातून काम होत नाही. जमिनीचेही तसेच. मुळे जिवंत आहेत तोवर ती गावाचे पाणी गाळते, पूर जिरवते, मासळी पोसते. तिची प्रकृती ढासळली की क्षेत्र तेवढेच राहते, देणे मात्र आटते. मोल ठरवायचे तर आधी नाडी पाहावी."

"म्हणजे माझी मातीमोल?" व्यापाऱ्याचा आवाज उतरला होता.

"ती मेलेली नाही, शेठजी. गुरे बाहेर काढा, लव्हाळे वाढू द्या. सुधारेल, असे वाटते."

"पुन्हा 'वाटते'च?"

"हो," आचार्य ओशाळून हसले. "पण आता घागर तर आहे. दर वर्षी पाहू."

अदलाबदल झाली नाही. शिष्याने दोरी गुंडाळून ठेवली आणि घागरीखाली ओंजळ धरून तो पुढच्या थेंबाची वाट पाहत बसला.