शेजारचा निरोप

दुंदुभीराजाचा पीतांबर नदीत वाहून गेला आणि त्यानं दरबार डोक्यावर घेतला!

"बंधाऱ्याचं पाणी सुटणार, घाटावर जाऊ नका, अशी सूचना मी सगळ्यांच्या मोबाइलवर धाडली होती! पडदाभर मोठी! 'मान्य' दाबल्याशिवाय हलत नव्हती! मग परीट घाटावर गेलाच कसा?"

"त्यानं 'मान्य' दाबलं, महाराज. वाचलं मात्र नाही," राजवाड्याचं अ‍ॅप सांभाळणारी ठकू म्हणाली. "सकाळपासूनची ती सत्ताविसावी सूचना! आधीच्या सव्विसांत महाराजांची शिंक, महाराजांचा नाश्ता आणि महाराजांच्या मिशीचे फोटो!"

"तोंड आवर! चार दिवसांनी पुन्हा पाणी सुटेल. तेव्हा घाटावर एक जरी माणूस दिसला, तर तुझ्या बापाच्या डफाचं चामडं सोलून जोडे शिवून घेईन!"

ठकूचा बाप बहिरू गावचा दवंडीवाला. अ‍ॅप आलं आणि त्याचं 'ऐका हो ऐका' बंद पडलं, तेही लेकीच्याच हातून! आता खुंटीवरचा डफही गेला तर म्हातारा हाय खाईल.

विचार करत ती चावडीवर जाऊन बसली. बघते तर काय! लोक आपल्या मोबाइलवर न बघताच 'मान्य' दाबत होते आणि माना लांब करकरून शेजाऱ्याच्या मोबाइलात डोकावत होते. ठकू गालातल्या गालात हसली.

ठरल्या दिवशी पाणी सुटलं. घाट सामसूम! परटाचं गाढवसुद्धा घरी!

"काय जादू केलीस गं?" राजानं विचारलं.

ठकूनं मोबाइल पुढे धरला. "वर लिहिलं, 'हा तुमच्या शेजाऱ्यांचा खाजगी निरोप चुकून तुमच्याकडे आला आहे. कृपया वाचू नये!' खाली पाण्याची सूचना. शेवटच्या अक्षरापर्यंत वाचल्याशिवाय कुणी 'मान्य' दाबलं नाही!"

"चोंबडे लेकाचे!" राजा गरजला. "मलाही आली होती ती, राणीसाहेबांच्या नावानं. मी ढुंकूनही पाहिलं नाही!"

"हो का? 'नवा पीतांबर परटाकडे गेलाय' असं मी फक्त तुमच्याच निरोपाखाली लिहिलं होतं. मग काल परटाच्या गाठोड्यातून तो परत कुणी काढून घेतला, महाराज?"

राजा लालेलाल झाला, आणि मग असा खदखदून हसला की मुकुट कानावर आला!

"डफाला नवं चामडं चढवा! बहिरूला मानाचा फेटा बांधा! यापुढे त्याच्या डफावर थाप पडेल तेव्हाच सूचना जाईल!" मग तो हळूच म्हणाला, "पण ठकू, माझ्या मिशीचा फोटो गं?"

"शेजारच्या राजाचा म्हणून धाडू की, महाराज. सगळे बघतील!"