नौबतीपुरती सनई

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की तेव्हा वेळ भिंतीवर टांगलेली नसायची, ती राजवाड्याच्या दारावर वाजायची. तिथल्या नगारखान्यात नौबत झडली, म्हणजे सनई-चौघडा वाजला, की लोकांनी ओळखायचं, सकाळ झाली, दुपार झाली, दार बंद व्हायची वेळ झाली. त्या काळी माणसांना घाई कमी होती आणि आठवणी जास्त होत्या, असं म्हणतात. मला ते खरं वाटतं.

राजधानीपासून पुष्कळ लांब, एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाची देवी माथ्यावर. माघातल्या जत्रेला तिची पालखी पायथ्यापासून वर जायची आणि पालखीपुढे एकच सनई वाजायची. रीत मोठी अवघड होती. सनई वाजतेय तोवर पालखी चालायची. वाजवणाऱ्यानं सनई ओठांवरून खाली घेतली, की पालखी तिथेच टेकवायची आणि त्या वर्षीची जत्रा तिथेच भरवायची. चढण तर अशी, की रिकाम्या हातांनी जाणारासुद्धा मध्ये बसून घ्यायचा.

पण गावात आबा होते. आबांची सनई पायथ्याशी सुरू व्हायची, ती माथ्यावर दिवा लागेपर्यंत थांबायची नाही. पालखी मध्येच टेकलेली गावात कुणाला आठवत नव्हती.

आबांचा शिष्य एकच, हैबती. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून त्यानं ती पालखी पाहिली आणि त्याच दिवशी मनाशी ठरवून टाकलं, की पुढे ही सनई वर न्यायची ती आपण.

आबांची शिकवण मात्र भारी सावकाश. पाण्याच्या तांब्यात बोरूची नळी धरायची आणि फुंकत राहायचं. बुडबुडे थांबता कामा नयेत. श्वास नाकानं घ्यायचा, गालांत साठवलेली हवा सोडत राहायची. महिनेच्या महिने हेच चाललं. मग सनई हातात आली, तीही एकच सूर धरून बसायला. बरोबरीची पोरं कमावती झाली आणि हा आपला तांब्यात फुंकतोय, म्हणून गाव हसायचं. हैबतीही हसायचा. गाल दुखून आले, की आबा त्याला कोमट तूप चोळायचे आणि तव्यावरची भाकरी मोडून हातात द्यायचे. दारात आबांची म्हैस रवंथ करत असायची, ओल्या गवताचा वास यायचा, आणि आबा मधूनच म्हणायचे, “हं, आता बरा लागला.” तेवढं ऐकलं, की दिवस सार्थकी लागायचा.

असं करता करता हैबतीला निम्म्या चढणीपर्यंत सनई नेता येऊ लागली. आणि नेमके तेव्हाच नगारखान्याचे नाईक देवीच्या दर्शनाला आले. त्यांनी त्याचा सूर ऐकला आणि जागेवरच सांगून टाकलं, “पोरा, राजवाड्याच्या दारावर चल. जरीचं पागोटं मिळेल, राहायला खोली मिळेल, दोन्ही वेळचं तूपभाताचं जेवण मिळेल. इथे डोंगरात काय ठेवलंय?”

हैबती हुरळून गेला. धावत आबांकडे आला.

“त्येंनी काय देऊ केलंय ते मी इचारत न्हाई,” आबा म्हणाले. “एका बैठकीला किती वाजवावं लागंल, तेवढं इचारून ये.”

हा काय प्रश्न झाला, असं हैबतीला वाटलं. तरी त्यानं विचारलं. नाईकांना हसूच आलं. “अरे, एक विडा चघळून होईतो वाजवायचं, शेवटची लकेर घ्यायची, की सुटलास. कष्ट नाहीतच.”

हैबती आणखीच खूश झाला. त्यानं येऊन ते आबांना सांगितलं.

“दोन-चार वर्सं ऱ्हातो, नाव कमावतो अन् येतो की, आबा,” हैबती म्हणाला. “चढण कुटं पळून चाललीय?”

“चढण हितंच ऱ्हाईल,” आबा म्हणाले. “तू कसा येशील, त्येचा इचार कर.”

हैबतीनं विचार केला, पण तो पागोट्याचा केला. तरणं वय होतं, त्याला नावं कशाला ठेवायची? वेशीपर्यंत आबा पोचवायला आले. हैबतीचा पाय निघत नव्हता, तरी तो निघाला.

राजधानीत दिवस मजेत जाऊ लागले. रियाज सोडायचा नाही, हे त्यानं स्वतःला बजावलं होतं. म्हणून एका दुपारी तो नगारखान्यात एकटाच बसला आणि मनसोक्त वाजवू लागला. झालं काय, की सनई ऐकून पहारेकऱ्यांना दार बंद करायची वेळ झाली असं वाटलं. त्यांनी भर दुपारी दार लोटून घेतलं. बाजार उठला. भाजीवाल्या टोपल्या उचलून घराकडे पळाल्या. खुद्द राजेसाहेब दाराबाहेर अडकले आणि आपल्याच राजवाड्याची कडी वाजवत उभे राहिले.

नाईकांनी हैबतीला चांगलंच फैलावर घेतलं. “नौबतीपुरतं वाजवायचं. एक सूर जास्त नको, एक सूर कमी नको.”

तेव्हापासून रियाज बंद झाला. जत्रेला जावं म्हटलं, तर दारावरची सनई सोडून जायचं कसं? पुढच्या वर्षी जाऊ, असं तो दर वर्षी म्हणायचा. लग्न झालं, मुलंबाळं झाली, पागोट्याची जर वाढली. काम वाईट नव्हतं, लोकही वाईट नव्हते. फक्त माघ लागला, की त्याला करमायचं नाही. डोळे मिटले, की डोंगराची वाट दिसायची, पायांखालचं वाळलेलं गवत ऐकू यायचं, आणि “हं, आता बरा लागला” म्हणणारा आवाज कानांत यायचा. मग चौघडा सुरू व्हायचा आणि हैबती सनई उचलायचा.

एका वर्षी गावाकडच्या कासारानं निरोप आणला. आबांचे पाय गेले होते, त्यांना चढण झेपत नव्हती. निरोप एवढाच होता, “औंदाची पालखी तुझी.”

हैबती तसाच उठला, नाईकांच्या हातापाया पडून रजा घेतली आणि गावाला आला. किती वर्षांनी तो त्या वेशीतून आत शिरत होता. सगळं तसंच होतं, आबा तेवढे लहान झाले होते. त्यांनी त्याच्या गालांवरून हात फिरवला. का आला नाहीस, हे विचारलं नाही.

“मला अंगणात बशिवलंय,” ते म्हणाले. “सनई माथ्यावर गेली, की हितं ऐकू येती. तेवढं एकदा ऐकायचं ऱ्हायलंय.”

भोयांनी पालखी उचलली. हैबतीनं सनई ओठांना लावली आणि असा सूर लागला, की बायांनी पदर डोळ्यांना लावले. हैबतीच्या अंगात आनंद मावत नव्हता. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते आज होत होतं. पहिलं वळण आलं. आणि त्याची बोटं आपोआप शेवटच्या लकेरीकडे वळली. इतकी वर्षं ती रोज तिथेच वळत आली होती. लकेर अगदी गोड आली आणि सनई ओठांवरून खाली उतरली.

मागचे भोयांचे पाय थांबले, तेव्हा त्याला कळलं.

त्यानं घाईघाईनं सनई पुन्हा वर नेली. बरोबरच्या म्हाताऱ्या पुजाऱ्यानं त्याच्या मनगटावर हात ठेवला. “न्हाई लेकरा. रीत हाय.”

पालखी पहिल्या वळणावर टेकली. जत्रा तिथेच भरली.

हैबती अंगणात आला आणि आबांच्या पायांशी बसून लहान मुलासारखा रडला. “आबा, दम व्हता अजून. हातच खाली आला.”

“ऐकलं मी,” आबा म्हणाले. “रोज जेवढं वाजवलंस, तेवढंच वाजलं. रडू नगंस.”

“म्या जातच न्हाई आता. उद्यापासनं पुन्यांदा शिकवा. पुढल्या माघाला वर नेतो.”

आबांनी डोंगराकडे पाहिलं. “शिकशील तू,” ते म्हणाले. “पर पोरा, शिकवायला मी कुटनं येऊ?”

पुढचा माघ आबांनी पाहिला नाही. पहिल्या वळणावर अडलेली ती पालखी हीच त्यांची शेवटची पालखी ठरली. आबांचा दुसरा शिष्य नव्हता. तेव्हापासून, माझ्या लेकरांनो आणि लेकरांच्या आजोबांनो, त्या गावात कुणी जमेल तशी सनई वाजवतं आणि पालखी पहिल्या वळणापर्यंतच जाते. तिथे ती टेकवून लोक माथ्याकडे तोंड करून हात जोडतात. शिकवणारा उरला नाही, तसा हैबती राजधानीत परतला आणि म्हातारपणापर्यंत दारावर वाजवत राहिला. त्याची नौबत एकदाही चुकली नाही.

तात्पर्य: काम निवडताना ते आज आपल्याला काय देणार, एवढंच पाहू नये, ते आपल्याला शेवटी कसं घडवून ठेवणार, ते आधी पाहावं.