निळीची कुंडे आणि मिठागरातला माणूस

फार पूर्वी शूर्पारक नगरात भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होऊन जन्मला होता. नाव सोमिल. नगरातले तंटे त्याच्यापुढे येत, आणि तो घाई न करता ऐकून घेत असे.

त्या नगरात पुनर्वसू नावाच्या रंगाऱ्याचा मोठा रंगखाना होता. निळीची बारा कुंडे, साठ माणसे. एका वर्षी त्याच्या कापडाने भरलेले गलबत समुद्रात गेले ते परत आलेच नाही. ही बातमी कळताच ज्यांचे ज्यांचे त्याच्याकडे येणे होते ते सगळे दारात येऊन बसले. धर्मनंदी व्यापाऱ्याकडे एक कुंड गहाण होते. त्याने ते गाडीवर चढवून घरी नेले.

आता निळीचे कुंड म्हणजे नुसते भांडे नव्हे. आतले पाणी जिवंत असते. त्याला रोज चुना, गूळ आणि टाकळ्याचे शिजवलेले बी घालावे लागते, ऊब राखावी लागते. गाडीत हिंदकळलेले ते कुंड तीन दिवसांत मेले. राखाडी पाणी तेवढे राहिले, आणि वास असा की धर्मनंदीची बायको म्हणाली, "एक तर हे ठेवा, नाहीतर मला ठेवा."

तरी बाकीचे ऐकेनात. आपण नेले नाही तर दुसरा नेईल, ही भीती. अकरा कुंडे अकरा घरी मेली असती, साठ चुली विझल्या असत्या, आणि कोणाच्याच हाती काही लागले नसते.

सोमिलाने हे राजाला समजावले. राजाने द्वाही फिरवली. चार महिने कोणी कुंडाला हात लावायचा नाही, दारात धरणे धरायचे नाही, आणि पुनर्वसूनेही जुने देणे कोणालाच द्यायचे नाही. मुदत संपली की जे जमेल ते सगळ्यांना सारख्या प्रमाणात.

"म्हणजे आमचा हक्क बुडाला," धर्मनंदी म्हणाला.

"बुडाला नाही. थांबवला आहे."

"पाण्यात गेलेल्या माणसालाही असेच म्हणतात का, अमात्य?"

लोक हसले. सोमिल हसला नाही. कुंडांच्या खाद्यासाठी उसने द्यायला कोणी पुढे येईना, म्हणून आपले होते नव्हते ते त्याने त्यात घातले.

पाचव्या दिवशी सामदत्ता नावाची बाई त्याच्याकडे आली. ती रंगखान्यात टाकळ्याचे बी निवडीत असे. तिचा नवरा कण्ह कर्जापायी खाडीकाठच्या मिठागरात बांधील होता. त्याला सोडवायला तिने चाळीस नाणी साठवली होती, आणि ती विश्वासाने पुनर्वसूकडेच ठेवली होती.

"मालक द्यायला तयार आहेत," ती म्हणाली. "तुम्ही फक्त हो म्हणा."

सोमिल म्हणाला, "तुला दिले की उद्या धर्मनंदी गाडी घेऊन येईल. मग कुंडे राहणार नाहीत, बाई."

"ते मला कळते. मी तिथेच राबते. पण थांब म्हणता तुम्ही, आणि थांबतो तो. मिठात पाय घालून. सालटी निघाली आहेत त्याच्या पायांची. ही द्वाही तिकडे जाऊन त्या पायांना वाचून दाखवा."

राजाच्या कानावर हे गेले तेव्हा तो म्हणाला, "भांडारातून चाळीस नाणी देऊन टाक. एवढे काय त्यात?"

"मग बाकीचे येणेकरी भांडाराच्या दारात बसतील, महाराज. थांबा असे मी सांगितले. त्याचे ओझे भांडाराने का उचलावे? माझ्याजवळ आता पैसा नाही, पण हातपाय आहेत."

राजाने त्याला जायची परवानगी दिली.

दुसऱ्या दिवशी सोमिल मिठागरात गेला. मालक गोंधळला. "अमात्य, तुम्हाला मीठ ओढता येते का?"

"शिकेन. ह्या माणसाला सोडा. चार महिन्यांनी त्याची चाळीस नाणी येतील, तोवर त्याच्या जागी मी."

कण्ह घरी आला. पण मीठ फार खोल गेले होते. जखमा भरल्या नाहीत, ताप उतरला नाही, आणि एकविसाव्या दिवशी तो गेला. घरात, बायकोच्या हातचे पाणी पिऊन गेला, एवढेच.

मिठागराचा मालक म्हणाला, "ज्याच्यासाठी आलात तोच राहिला नाही. आता जा."

"बोली मुदतीची होती," सोमिल म्हणाला आणि मिठाच्या वाफ्यात उतरला.

चार महिन्यांत रंगखाना उभा राहिला. शंभराला ऐंशी असे सगळ्यांना मिळाले. धर्मनंदीलाही मिळाले, आणि ही युक्ती आधीपासून आपल्याच मनात होती असे तो सांगत फिरला. सामदत्तेच्या वाट्याला बत्तीस नाणी आली. ती तिने मिठागरात पोचवली. चार महिन्यांचे राबणे व्याजातच गेले होते; आठ कमी पडली, त्यांच्यापायी सोमिल आणखी वीस दिवस तिथेच राबला.

सुटल्यावर तो काठी टेकीत तिच्या दारात गेला. ती बी निवडीत होती.

"निवाडा चुकला नव्हता, अमात्य," ती म्हणाली. "कुंडे जगली. मीही त्यांच्यावरच जेवते. पण माझा माणूस गेला."

"चुकला होता," सोमिल म्हणाला. "थांबल्याने कोणाचा जीव जाईल, हे द्वाहीच्या आधी सगळ्यांसमोर विचारायला हवे होते. तेव्हाच तुझे नाव पहिले लिहिले असते, तर धर्मनंदीलाही बोलायला जागा राहिली नसती. मी कुंडांचे विचारले. माणसांचे विचारले नाही."

तिने त्याला बस म्हटले नाही, आणि जा असेही म्हटले नाही. तो उन्हात उभा राहिला.

त्यानंतर शूर्पारकात अशी द्वाही फिरवायची असली की आधी तो प्रश्न विचारला जाई, आणि ज्याला थांबणे परवडणार नाही त्याचे आधी देऊन मग बाकीच्यांना थांबवले जाई. कण्हाला त्याचा काही उपयोग नव्हता.

ही गोष्ट विहारातल्या भिक्षूंना त्यांचे गुरू, शास्ते, सांगत होते. ती संपवून ते म्हणाले, "तेव्हाचा धर्मनंदी तो आज भिक्षेच्या रांगेत पुढे घुसणारा आपला भद्दक. ज्या उपासकाने आपल्याला पावसाळ्याच्या मुक्कामाला, वर्षावासाला, बाग दिली, तो तेव्हाचा राजा. परवा ज्या आजारी वाटसरूला आपण स्मशानात पोचवले, तो कण्ह. सामदत्ता आजही विहाराच्या दारात धान्य निवडते, आणि मला पाहून उठत नाही. तिला उठवू नका. अमात्य सोमिल तो मीच होतो. दुसऱ्याला थांब म्हणताना जिचे स्वतःचे पाय भाजतात, तिला करुणा म्हणतात."