इनास काकूंचं घर बांधतो

वसईकडच्या एका गावात इनास नावाचा एक भोळा गडी राहायचा. अंगाने बैलासारखा, कामाला वाघ. सांगितलेलं काम तो सांगितलं तसंच करायचा. आणि काल सांगितलेलं आजही करायचा. घोळ व्हायचा तो इथेच.

एका वर्षी चक्रीवादळाने अलिबागच्या खालचा किनारा झोडपून काढला. रविवारची मिस्सा संपल्यावर फादरनी विचारलं, "पडलेली घरं उभी करायला कोण कोण येतं?" इनासने हात वर केला. आईने तो खाली ओढला. इनासने दुसरा वर केला. आई बिचारी किती हात धरणार?

झालं. चर्चची दहा माणसं टेम्पोत बसून निघाली. त्यांच्या वाट्याला अनुसयाकाकूंचं घर आलं. काकू एकट्या. घर पडल्यापासून शाळेत चौथीच्या वर्गात राहत होत्या. पण पुढच्या पंधरवड्यात, सोमवारी, शाळा भरणार होती. त्याआधी घर झालं नाही तर जायचं कुठे, याचा त्यांना घोर लागला होता. दहांपैकीच एक जोकीम मिस्त्री म्हणाले, "काकू, शाळा भरायच्या आदल्या दिवशी तुम्ही तुमच्या घरात जेवाल." काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

पहिल्या दिवशी मिस्त्रींनी इनासला ढिगारा उपसायला सांगितला. इनासने सगळा उपसला आणि खाडीत टाकला. त्यात तीनशे धड कौलं होती.

"अरे, बांधकामाचं सामान टाकायचं नसतं," मिस्त्री म्हणाले. "धुवायचं, पुसायचं, नीट रचून ठेवायचं."

"आधी नाही का सांगायचं?" इनास म्हणाला. "आता तसंच करीन."

दुसऱ्या दिवशी सिमेंट आलं. इनासने एकेक गोणी विहिरीवर नेली. बादलीभर पाणी ओतून काथ्याने खसाखसा घासली, पुसली आणि नीट रचली. सकाळी मिस्त्रींनी गोणीवर थाप मारली. हात दुखावला.

"बाबा रे, सिमेंटला पाणी दाखवायचं नाही. ताडपत्रीखाली झाकायचं. थेंब लागता कामा नये."

"आधी नाही का सांगायचं? आता तसंच करीन."

फादरनी पुन्हा सिमेंट मागवलं. भिंती चढल्या. छान गिलावा झाला. मिस्त्री दोन दिवस दुसऱ्या घरावर गेले आणि भिंती इनासवर सोपवल्या. सिमेंटच्याच भिंती त्या. इनासने त्या ताडपत्रीने गच्च झाकल्या. काकू पाणी मारायला आल्या तर त्यांना हात जोडून परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी ताडपत्री काढली तेव्हा गिलाव्याला हात जाईल एवढ्या भेगा.

मिस्त्रींनी एका भेगेत हात घालून पाहिला. मग म्हणाले, "नवीन असेल त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. भरपूर मारायचं."

"आधी नाही का सांगायचं? आता तसंच करीन."

गिलावा पुन्हा झाला. चर्चच्या बायकांनी काकूंसाठी नवीन गादी आणि नवीन चादरी पाठवल्या. इनासने त्यांना सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. भरपूर मारलं. गादी उचलायला चार माणसं लागली.

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "इनास, यापुढे माझं ऐकू नकोस. घर काकूंचं. काकू काय म्हणतात ते ऐक आणि तेवढंच कर."

"आधी नाही का सांगायचं?" इनास म्हणाला.

एवढं सगळं होऊनही घर वेळेवर झालं, हे बाकीच्या नऊ जणांचे उपकार. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकाची खोली, वर पत्रे. रविवारी सकाळी काकू घर बघायला आल्या. फादरही आले होते. दोन्ही खोल्यांतून फिरल्या. आपल्याकडे चार माणसांत बोलतात तसं त्या बोलल्या, "एवढं कशाला केलंत हो? मला एकटीला एक खोली पुष्कळ झाली."

सगळे हसले. इनास हसला नाही. त्याने नीट ऐकून घेतलं.

मग इनासला घरापाशी ठेवून बाकी सगळी मंडळी काकूंचं सामान आणायला शाळेत गेली. कोणी ट्रंक घेतली, कोणी स्टोव्ह. देवांचा डबा काकूंनी स्वतः घेतला. तासाभराने मंडळी परतली, तर मागची खोली जमीनदोस्त. इनास हातात घण घेऊन घाम पुसत होता.

"काकू, एक राहिली बघा," तो म्हणाला.

काकू मटकन खाली बसल्या. उद्या शाळा भरणार आणि चूल मांडायला जागा नाही. त्यांना रडू फुटलं. पण इनासचा भाबडा चेहरा पाहून त्यांना रागावणंही जमेना. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "अरे लेकरा, ते मी आपलं बोलायचं म्हणून बोलले. मनात दोन्ही खोल्या हव्याच होत्या. माणसं तोंडाने नको म्हणतात तेव्हा मनातून त्यांना हवंच असतं. एवढं ओळखावं माणसाने."

"आधी नाही का सांगायचं?" इनास म्हणाला. त्याला फार वाईट वाटलं.

फादर पुढे झाले. इनासच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "झालं ते झालं. मागची खोली आपण पुन्हा बांधू. आज काकू पुढच्या खोलीत राहतील. तेवढी ती पाडू नकोस."

इनासने फादरकडे पाहिलं. मग मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रीही हात जोडून म्हणत होते, "नको रे बाबा, नको."

आता इनासला सगळं कळत होतं. त्याने समजूतदारपणे मान डोलावली, तळहातावर थुंकी लावली आणि घण उचलला.