पान्हाईचं न झाडलेलं पटांगण

कोंढरा गावच्या पान्हाई देवीच्या देवळाचं पटांगण कुणी सारवत नाही, झाडतही नाही. पाहुणे नाक मुरडतात. देवळाचे म्हातारे गुरव त्यांना पायरीवर बसवून आधी ही हकिगत ऐकवतात, मगच नारळ हातात घेतात.

फार पूर्वी म्हणे या गावात राही नावाची बाई होती. तिची दोन लेकरं पाठोपाठ गेली. तिसरी मुलगी झाली, तिला दृष्ट लागू नये म्हणून धोंडी नाव ठेवलं. वर देवीला नवस बोलली, की पाच वर्षांची होईस्तोवर पोरीचा पाय जमिनीला लागू देणार नाही.

नवस तिने जिवापाड पाळला. धोंडी पाटावर, नाहीतर कडेवर. खेळायला माती नाही, खडा नाही, शेजारचं पोरही नाही. पोर जगली खरी, पण तीन वर्षांची झाली तरी उभी राहीना, बोलेना, हसेना. ठेवावी तिथे बसून राहायची. नवस मोडला तर पोर जाईल, पाळला तर ही अशीच राहील.

शेवटी ती देवीला कौल लावायला आली. गुरवाने देवीच्या पाषाणावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर नवसातून सुटका, डावी पडली तर पाच वर्षं पुरी करायची. राही पाकळ्यांकडे बघत राहिली. इतक्यात पाषाणालगत पाटावर बसवलेल्या धोंडीने हात लांबवला आणि दोन्ही पाकळ्या ओरबाडून काढल्या.

देवीचा कौल राहूनच गेला. एक पाकळी वाऱ्याने पटांगणात उडाली, आणि पोर तिच्यामागे पाटावरून घसरून, रांगत थेट मातीत.

“राही, उचल गो तिला,” गुरव घाबरून म्हणाला.

राहीचे हात पुढे झालेही होते. पण पोर हसत होती. असं सांगतात, की राहीने हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट आवळून धरले. धोंडी तोंडावर आपटली, पुन्हा बसली. पाकळीवर माती थापून तिने भाकरी केली आणि आईपुढे धरली.

“खा.”

राहीने ती मातीसकट खाल्ली. भीतीने तिला रडू फुटलं होतं. पुढे धोंडी चालली, गावभर हुंदडली, तरी ती नुसती शिंकली की राही देवळाकडे धाव घ्यायची.

आजही लेकराला पहिल्यांदा मातीत सोडायला इथे आणतात, म्हणून इथली माती कुणी झाडून काढत नाही. त्यासाठी कौल लावत नाहीत. आई पाठीमागे हात बांधून उभी राहते. पोर आपटलं की तिच्या बांगड्या किणकिणतात, पण हात सुटत नाहीत.