वादळाची साक्ष

वादळ आलं आणि सगुणाच्या घराचं छप्पर अख्खंच्या अख्खं उचलून घेऊन गेलं! वासे, गवत, दोऱ्या, सगळं नदीत जाऊन पडलं आणि बघता बघता वाहूनही गेलं. घरात उरला तो माग, त्यावरचं अर्धं विणलेलं लुगडं आणि कोपऱ्यात डोक्यावर पाट धरून बसलेला तिचा म्हातारा बाप, भिकाजी कोष्टी.

"रडू नका बाबा," सगुणा म्हणाली. "आपली छप्परहमी आहे!"

कुसूरगडाच्या राजे गजेंद्ररावांनी ही छप्परहमी मोठ्या हौसेने काढली होती. दर सुगीला घरटी पायलीभर जोंधळे सरकारी कोठारात घालायचे. कोष्टी असेल तर धोतरजोडी द्यायची. आग, पूर किंवा वादळाने घर गेलं, तर सरकारने ते उभं करून द्यायचं. भिकाजीची धोतरजोडी एकही साल चुकली नव्हती.

सगुणाने सरकारात वर्दी दिली. निरोप आला, "कारभारी पाहणीला येईपर्यंत कशालाही हात लावू नका!"

कारभारी नारोपंत आले ते सावकाश, मधे दोन सरी पडून गेल्यावर. मागावरचं सूत भिजून त्याचा लगदा झाला होता. पंतांनी वर पाहिलं. वर आभाळ होतं.

"सूत भिजलं कसं?"

"पाऊस पडला पंत."

"मग झाकलं का नाही? हा निष्काळजीपणा झाला!"

"हात लावू नका म्हणून तुमचाच निरोप होता!"

"हात न लावता झाकायचं! बरं, छप्पर होतं कशावरून?"

"छपराशिवाय आम्ही इतकी वर्षं राहिलो कसे, पंत?"

"ते तू सांगायचं. आणि समजा, होतं. पण ते वादळानेच नेलं कशावरून? कुजून पडलं असेल. तुम्हीच काढून विकलं असेल. साक्षीदार आण!"

"अख्खी आळी साक्षीला उभी राहील."

"आळीतल्या सगळ्यांचीच छपरं गेली आहेत. ते सगळे तुझ्याच बाजूने बोलणार!"

एवढं बोलून पंत गेले. सगुणाला इतका राग आला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आता आळीतले सगळे तिच्याकडे डोळे लावून बसले होते. तिला नकार मिळाला, की सगळ्यांनाच मिळणार! पदर खोचून ती थेट दरबारात जाऊन उभी राहिली.

गजेंद्रराव मनाने वाईट नव्हते, पण हट्टी! एकदा हट्टाला पेटले की कुणाचं ऐकायचे नाहीत. त्यातून आपल्या कारभाऱ्याची बाजू पडू द्यायची नाही, हा त्यांचा बाणा. सगळं ऐकून त्यांनी मिशीला पीळ दिला.

"आळीतले साक्षीदार नकोत, असं पंत म्हणतात. ठीक आहे! ज्याने छप्पर नेलं, त्यालाच घेऊन ये. उद्या दरबारात माझ्यासमोर वादळाला हजर कर. त्याने साक्ष दिली, तर छप्पर तुझं. नाही दिली, तर हमी रद्द. तुझीही आणि आळीचीही!"

नारोपंत गालात हसले.

सगुणाने मान खाली घातली नाही. "आणते, सरकार," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला, तोच वरून धाडधाड आवाज येऊ लागला. छताची माती गजेंद्ररावांच्या मुंडाशावर पडली!

"काय चाललंय?"

शिपाई धावत आला. "सरकार! कोष्टीआळीतली माणसं शिड्या लावून दरबाराच्या छपरावर चढलीत! पहारी घेऊन कौलं काढतायत!"

"धरून आणा त्यांना!"

"त्यांना नका धरू, सरकार. मी सांगितलंय त्यांना," दारातून सगुणाचा आवाज आला. "माझा साक्षीदार यायचा आहे ना, त्याच्यासाठी वाट करतायत."

"अगं, एवढी दारं आहेत, खिडक्या आहेत! वारा तिथून येत नाही का?"

"दारा-खिडक्यांतून येते ती झुळूक, सरकार. तिने कधी कुणाचं छप्पर नेलेलं नाही. माझा साक्षीदार वरूनच येतो!"

"आणि छप्पर काढून मी बसू कुठे? गाद्या भिजतील! कागद उडतील! जेवायचं कुठे, झोपायचं कुठे?"

"हेच, सरकार! अगदी हेच मी पंतांना विचारत होते!"

गजेंद्ररावांना मुद्दा कळला. पण हट्ट सहजासहजी सुटतो थोडाच!

"आणि मी छप्पर काढू दिलं, तरी वादळ आलंच नाही तर?"

"तर काळजी कसली? सरकारांनी नारोपंतांकडे वर्दी द्यावी, ते नवं छप्पर घालून देतील. फक्त आधी विचारतील, इथे छप्पर होतं कशावरून!"

आधी एक मानकरी खुदकन हसला, मग दुसरा. मग गजेंद्रराव स्वतःच असे गडगडून हसले की डोळे पुसायला त्यांना मुंडाशाचा सोगा धरावा लागला.

"हरलो पोरी, हरलो! तुझं छप्पर आजच चढेल, आणि आळीतल्या सगळ्यांचीही. भिजलेलं सूत कोठारातून भरून मिळेल. आता त्या माणसांना खाली बोलाव, आणि तुझ्यासाठी काय हवं ते माग!"

सगुणाने नमस्कार केला. "पंतांनी चौकशी जरूर करावी, सरकार. कुणी खोटंही बोलेल. फक्त एवढा हुकूम द्या, की ज्या घराची चौकशी, ती संपेपर्यंत पंतांचा मुक्काम त्याच बिनछपराच्या घरात राहील!"

"दिला हुकूम!" गजेंद्ररावांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिच्या ओंजळीत टाकलं. "काय पंत, जाताय ना कोष्टीआळीत?"

बाहेर आभाळ भरून आलं होतं. नारोपंतांनी खिडकीतून एकवार वर पाहिलं आणि घाईघाईने हात जोडले.

"सरकार, चौकशी पूर्ण झाली!"