ढोलीची भिंत

"बाहेर गेलेला परतलाच नाही, तर आतलीनं काय करायचं?" हे मी सगळ्या थव्याला विचारलं.

फार जुनी गोष्ट. तेव्हा आम्हा धनेश पाखरांत मादी अंडी घालायला झाडाच्या ढोलीत शिरली, की नर बाहेरून ढोलीचं तोंड लिंपायचा. आतून फुटणार नाही इतकी जाड भिंत. चोचीपुरती फट ठेवून तिथूनच तो तिला फळं भरवायचा. माझी ताई सावरी अशीच आत बसली. तिचा नर उंबराकडे गेला तो आलाच नाही.

मी फळं घेऊन निघालो, तर थोरले काका ओरडले, "दुसऱ्याच्या ढोलीला चोच लावतोस? लाज नाही वाटत? येईल तो!"

मी थांबलो. थांबायला नको होतं. चौथ्या दिवशी ताई आत मरून पडलेली दिसली.

पुढच्या साली धाकटी बहीण पिंगी ढोलीत शिरली. काकांनी तिच्या नराला लिंपायला माती आणून देताच मी त्यांच्यावर झेपावलो. "भिंत नकोच!"

"मग साप तू हाकलणार का, शहाण्या?"

"दादा, भांडू नकोस," पिंगी आतून म्हणाली. "भिंत हवीच. पण माती माझ्याकडे दे. मला फोडता येईल एवढीच जाड करीन."

मी ओढ्यावर गेलो. संध्याकाळपर्यंत फेऱ्या मारून रानातल्या प्रत्येक मादीच्या ढोलीत, तिची भिंत तिनंच आतून लिंपावी म्हणून, ओल्या मातीचा गोळा ठेवला आणि ताईच्या झाडाकडे न बघता ते रान सोडलं.